मागचं झाकण

१

ओरखडा काढता येत नाही. लोक घड्याळ घेऊन येतात आणि म्हणतात, "बाई, एवढा ओरखडा काढून द्या." मी मान डोलावते. पण खरं ते असं, की ओरखडा आपल्या जागीच राहतो. आम्ही त्याच्या आजूबाजूचं सोनं घासत घासत त्याच्या तळाशी आणतो. सगळी जमीन खाली आली की खड्डा दिसत नाही, इतकंच. म्हणजे दर वेळी घड्याळ थोडं कमी होतं. गिऱ्हाइकाला हे ऐकायला आवडत नाही, म्हणून बाकीचे सांगत नाहीत. मी सांगते. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. चौथा मजला, दक्षिणेला खिडक्यांची सलग रांग. ला शो-द-फों या आमच्या घड्याळवाल्यांच्या स्विस गावातली निम्मी घरं अशीच आहेत. घड्याळाच्या कामाला उजेड लागतो, म्हणून पणजोबांनी भिंतींवर कंजुषी केली आणि काचांवर पैसा ओतला. डावीकडे माझं घासायचं चाक, उजवीकडे नवऱ्याचं, ऑरेलचं टेबल. डबी, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, माझी; मशीन त्याचं. तो घड्याळ खोलतो, आतलं मशीन धुतो, तेलपाणी करतो. रिकामी डबी मी घासून चमकवते. शाळेत जाऊन मी हे शिकले नाही. बोटं भाजून शिकले. मधे एक काचेचं दार आहे, माझी धूळ त्याच्या तेलात जाऊ नये म्हणून. त्या दारातून आम्ही एकमेकांना शिव्या देतो.

"युगेत! चाक आहे का गिरणी?"

"कानात बोळे घाल, थेरड्या. तसंही तुला ऐकू येत नाही."

"येतं ऐकू. ऐकण्यासारखं काही नसतं."

असा आमचा संसार. ज्यांना गोड बोलणारे नवरे मिळाले त्यांनी ते सांभाळावेत. मूल नाही, भावंडं नाहीत. मला हा एवढाच माणूस आहे, आणि तो मला पुरत होता.

ऑरेलची एक रीत आहे, त्याच्या बापाकडून आलेली. दुरुस्त झालेलं घड्याळ तो यंत्रावर फिरवून तपासत नाही. स्वतःच्या मनगटावर घालतो, काही दिवस. झोपताना, भांडी विसळताना, दारातला बर्फ लोटताना. "घड्याळाला माणूस लागतो," म्हणतो. "अंगावर चालल्याशिवाय ते बरं झालं असं म्हणायचं नाही." गावातली नवी पोरं याला हसतात. तो त्यांच्या आयांची चौकशी करतो.

जानेवारीत, बर्फ रस्त्याच्या कडेला कमरेइतका रचलेला असताना, सकाळी बोव्हे नावाचा माणूस आला. जिनिव्हाकडचा. उंची कोट, डाव्या हातात मोजा, उजवा उघडा.

"सुप्रभात, बाई. आपल्याला त्रास देतोय, क्षमा असावी."

"त्रास द्यायलाच येतात सगळे," आतून ऑरेल. "पाय पुसा."

बोव्हेने पाय पुसले. मग परत एकदा पुसले. त्याच्या बोलण्यात कुठे खाच म्हणून नव्हती. आवाजही कुणीतरी घासून काढल्यासारखा.

घड्याळ सोन्याचं, पातळ, ज्यांचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात अशा घराण्याचं. आणि त्याची पार दैना झालेली. कडा, पट्ट्याचे कान, काचेभोवतीची रिंग, सगळीकडे ओरखडे.

"वापरलंत की कुत्र्याला चघळायला दिलंत?"

"माझ्याकडे प्राणी राहत नाहीत, बाई." पाळत नाही असं नाही म्हणाला. राहत नाहीत. "पुढची बाजू कशी का असेना. मागच्या झाकणावर मात्र एकही ओरखडा राहू नये. कृपा होईल."

मी घड्याळ उलटं केलं. मागचं झाकण म्हणजे मनगटाला टेकणारी बाजू. तिला ओरखडे येतात ते घड्याळ टेबलावर आपटल्याने. केसासारखे, आडवेतिडवे, कशाचा कशाला मेळ नसलेले. हे तसे नव्हते. चार होते. एकाशेजारी एक, सुरुवातीला खोल आणि पुढे उथळ होत गेलेले. तुम्ही ओल्या मातीवरून बोटं ओढलीत तर उठतील तसे.

"घासलं की झाकण पातळ होणार," मी म्हटलं. "आत्ताच ऐकून ठेवा. नंतर बोंब नको."

"चालेल, बाई."

आवडीचं वाढल्यावर माणूस 'चालेल' म्हणतो ना, तसं म्हणाला.

मग तो दाराच्या काचेकडे वळला. "आणि साहेब स्वतः घालून बघतात ना? मी तसं ऐकलंय. म्हणूनच एवढ्या लांब आलो."

झालं! ऑरेल भिंग कपाळावर चढवून बाहेर आला. छाती केवढी फुगलेली. "बघ युगेत, जिनिव्हापर्यंत नाव गेलंय."

"नाव गेलं. अक्कल इथेच राहिली."

आमच्या भांडणाला हसत नाही असा माणूस विरळा. बोव्हे हसला नाही. तो ऑरेलच्या मनगटाकडे बघत होता.

२

ऑरेलने झाकण उघडलं आणि मला हाक मारली.

आमच्या धंद्यात जो जो घड्याळ उघडतो तो झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्याने एक बारीक खूण करून ठेवतो. भिंगाशिवाय दिसत नाही. त्यावरून पुढच्याला कळतं, आपल्याआधी कोणकोण येऊन गेलं. या झाकणात अशा खुणा पुष्कळ होत्या. आणि त्यांच्यावरून, त्यांना खोडत गेलेल्या, त्याच चार रेघा.

"कुठल्यातरी गाढवाचा टोचा निसटला असेल," ऑरेल म्हणाला.

"चार वेळा? शेजारीशेजारी?"

"गाढवच ते. गाढवाला मोजता येतं का?"

मी आतल्या बाजूला हात लावला नाही. तिथे घासायचं नसतं, दुसऱ्यांच्या खुणा असतात. बाहेरच्या बाजूने झाकण चाकावर धरलं. काम सरळ होतं. आधी घासायचा जाड मसाला, मग बारीक लाल, शेवटी नमद्याचं मऊ चाक. संध्याकाळ व्हायच्या आत त्या झाकणात मला माझ्या नाकपुडीतले केससुद्धा दिसायला लागले. मी झाकण डबीला बसवलं. डबी रिकामी; मशीन तिकडे ऑरेलकडे सुटं होऊन बशांमध्ये पडलेलं. ऑरेलच्या टेबलावर धुळीपासून राखायला काचेचे लहान घुमट असतात, त्यातला एक मागून घेतला आणि त्याच्याखाली डबी ठेवली.

सकाळी झाकणावर चार रेघा होत्या.

मी सरळ दार लोटून आत गेले. "माझ्या कामाला हात कुणी लावला?"

"तुझ्या कामाला? मी चुलीतल्या निखाऱ्याला हात लावीन एक वेळ."

"मग हे काय आहे?"

त्याने भिंग लावलं. झाकण उजेडात उलटसुलट फिरवलं. मग म्हणाला, "वर आलंय. तू नीट खाली गेली नव्हतीस. सोनं गरम झालं की वर पसरतं, खालची चीर झाकते, थंड झालं की परत उघडी पडते."

हे खरं आहे. असं होतं. नवशिक्यांच्या हातून होतं.

नवशिकी म्हणाला मला तो! मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. परत चाकावर बसले आणि त्या झाकणाला असं घासलं की परत उघडं पडायला खाली काही शिल्लकच राहू नये.

दुपारी आम्ही चाक बंद करून जेवतो. त्या दिवशी लीकची भाजी आणि भाजलेलं सॉसेज होतं. ऑरेल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. मी हात पुसत एकटीच खोलीत उभी. बर्फ पडलेला असला की आमच्या रस्त्यावर आवाज राहत नाही. गाड्यासुद्धा कापसातून गेल्यासारख्या जातात. त्या शांततेत मला करकर ऐकू आली. लाकडी डबीच्या आतून कुणी शिसपेन्सिल ओढावी, तशी. ओढायचं, थांबायचं. परत ओढायचं.

टिकटिक म्हणायची सोय नव्हती. आत मशीनच नव्हतं. उंदीर? घुमटाखाली? हीटरच्या नळ्या तापताना वाजतात हे मला ठाऊक आहे. मी नळीला हात लावला. गार होती.

मी घुमट उचलला. आवाज थांबला. माणूस दारात आल्यावर बोलणं थांबतं ना, तसा थांबला.

३

ऑरेलला मी आवाजाचं सांगितलं नाही. त्याने वेड्यात काढलं असतं, आणि तो मान मला त्याला द्यायचा नव्हता. रेघा परत आल्या होत्या. मी परत घासल्या. हे लिहिताना माझ्या लक्षात येतं, की तेव्हा दुसरं काही करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ओरखडा दिसला की माझा हात चाकाकडे जातो. सुताराचा खिळ्याकडे जातो तसा.

मशीन तयार झालं. ऑरेलने ते डबीत बसवलं, झाकणाच्या आत आपली खूण केली, पट्टा लावला, आणि घड्याळ डाव्या मनगटावर चढवलं. "राजासारखं चालतंय," म्हणाला.

दोन दिवसांनी सूप पिताना तो पट्ट्याखाली बोट घालून खाजवत होता.

"काढ ते. पट्ट्याचं चामडं लागत असेल."

"पट्टा माझाच आहे, जुना. त्याचं काही नाही. गुदगुल्या होतात जराशा."

"कुठे?"

"खाली," म्हणाला. मग जरा विचार करून, "आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बोव्हे.

"सुप्रभात, बाई. कसं आहे?"

"घड्याळ की मी?"

"साहेब घालतायत ना? कातडीला नीट टेकतंय?"

"टेकतंय. आणि तुमचं झाकण परत परत ओरखडतंय. कसलं सोनं आहे हे?"

फोनवर तो श्वास घेताना ऐकू आला नाही. एवढंच म्हणाला, "मग अजून थोडंसं घासा, बाई. अजून थोडंसं. कृपा होईल."

मी ऑरेलच्या मनगटावरून घड्याळ उतरवून घेतलं, झाकण काढलं आणि चाकाकडे गेले. पण चाक सुरू करण्याआधी जाडी मोजायचा काटा लावला. हे मी सुरुवातीलाच करायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांना सांगते, सुरुवातीला केलं होतं. प्रत्येक डबी आली की मी मोजते, आणि किती घासायचं ते डोक्यात धरते. या झाकणातून मी किती काढलं ते मला माझ्या जन्मतारखेसारखं ठाऊक होतं.

काटा खोटं बोलत असेल म्हणून नाणं मोजलं. नाणं बरोबर. स्वतःचा केस मोजला. तोही बरोबर. परत झाकण मोजलं.

मी काढलं होतं त्याच्या दुप्पट गेलं होतं.

मी स्टुलावर बसले. बाहेर बर्फावर ऊन पडून खोली इतकी उजळली होती, की कुठे सावली म्हणून नव्हती. अशा उजेडात माणसाला भीती वाटायला लाज वाटते. मी मनाशी सरळ हिशेब घातला: एका बाजूने मी घासते. माझ्या बाजूने गेलं ते एवढं. उरलेलं दुसऱ्या बाजूने गेलं.

म्हणजे मी एकटीच घासत नव्हते.

४

मी ते झाकण चिमट्यात धरून खिडकीपुढे उंच धरलं. सोनं फार पातळ झालं की त्यातून उजेड आरपार येतो, आणि तो पिवळा नसतो, हिरवा असतो. वर्ख लावणारे हे जाणतात. झाकण एरवी दिसायला धड होतं. पण त्या चार रेघांच्या तळातून उजेड येत होता. चार हिरव्या फटी, बंद खिडकीच्या पट्ट्यांतून बाग दिसावी तशा.

मग पहिली फट काळी झाली. ती उजळली आणि दुसरी काळी झाली. मग तिसरी. मग चौथी.

कुणीतरी पलीकडून चालत गेलं.

पलीकडे खिडकी होती. झाकण आणि खिडकीच्या काचेमधे माझा हात मावेल एवढी हवा. काचेबाहेर चार मजल्यांची पोकळी. पक्षी असेल, असं मी मोठ्याने म्हटलं. खोलीत कुणी नसताना. पक्षी असेल.

फटी परत काळ्या होऊ लागल्या. या वेळी चौथीपासून. ते परत येत होतं. आणि मधेच थांबलं.

मी झाकण पालथं घातलं आणि ऑरेलकडे धावले. या वयात मी धावत नाही.

"हात दाखव."

"काय झालं?"

"हात दाखव म्हणते ना!"

"घड्याळ दे आधी. अजून दिवस भरले नाहीत. त्या माणसाला शब्द दिलाय."

"घाल तुझा शब्द चुलीत!" मी त्याचं मनगट धरून खिडकीकडे ओढलं. तो ओरडला, मला म्हातारी कैदाशीण म्हणाला, आणि जिवाची शपथ, ते ऐकून मला किती बरं वाटलं.

जिथे झाकण टेकत होतं तिथे चार पांढऱ्या रेघा होत्या. कातडी फाटलेली नव्हती. मी अंगठा फिरवला, वरून गुळगुळीत. मग कातडी ताणून भिंग लावलं. आयुष्यभर ओरखडेच बघितलेत मी. कुठल्या बाजूने ओढला गेला, ते मला शिकवावं लागत नाही.

ते कातडीच्या खालच्या बाजूने, आतून ओढलेले होते.

"ॲलर्जी आहे," ऑरेल म्हणाला. पण भिंग डोळ्याला लावून तो त्याच रेघांकडे बघत राहिला, आणि त्याने हात माझ्या हातातून सोडवून घेतला नाही.

५

चाकावर काम करताना अंगठी घालत नाहीत. बोटासकट जाते. म्हणून माझी लग्नाची अंगठी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चाकाशेजारच्या खिळ्याला टांगलेली. अठरा कॅरेट, त्या झाकणाइतकंच. मी ती काढली, वितळवली, ओढून तार केली. बारीक ज्योतीने ती तार त्या रेघांत भरली. बाहेरून भरली, मग झाकण उलटं करून आतूनही, दुसऱ्यांच्या खुणांवरून. माझ्या सगळ्या आयुष्यात मी सोनं काढतच आले. घालायची ही पहिलीच खेप. सोनं संपलं तेव्हा झाकण नव्यापेक्षा जाड होतं. वेडंवाकडं, गाठीगाठींचं, अडाण्याने केल्यासारखं. मी ते चमकवलं नाही.

डबीला बसवलं. घुमटाखाली ठेवलं. दुपारी चाक बंद करून, श्वास धरून उभी राहिले.

काही नाही. करकर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रेघ नाही.

मी पाव आणायला खाली गेले तेव्हा जिन्यात गुणगुणत होते. तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण, जिनेत तिचं नाव, दारात झाडू घेऊन उभी. तिच्याशी माझं तीस वर्षं वाकडं आहे, म्हणजे आम्ही रोज बोलतो.

"काय गं युगेत, नवऱ्याला मारलंस की काय?"

"अजून नाही. का?"

"काल माझ्या हातातली पिशवी घेऊन वर आला. दार धरून उभा राहिला. 'सांभाळून, बाई' म्हणाला. मला वाटलं, डोक्यावर पडला!" ती हसायला लागली. "मागच्या महिन्यात याच माणसाने मला जिन्यातली घूस म्हटलं होतं. सुधरवलंस हो त्याला!"

मी हसले नाही. पाव न आणताच वर गेले.

ऑरेल टेबलाशी बसला होता. पाठ ताठ. मी दार आपटलं, आपटायचं म्हणूनच. तो वळला आणि म्हणाला, "आलीस? बाहेर थंडी होती का?"

चाळीस वर्षांत या माणसाने मला थंडी विचारली नव्हती.

"थेरड्या," मी म्हटलं. "गाढवा. नालायका."

तो अदबीने ऐकत राहिला. मी थांबल्यावर म्हणाला, "झालं का?" आणि डाव्या हाताची बाही वर सरकवायला लागला.

मी झाकण जाड केलं होतं. छान केलं होतं. पण ती डबी त्याआधीच रिकामी झाली होती; आत जे होतं ते ऑरेलच्या मनगटातून त्याच्यात गेलं होतं.

६

बोव्हे आला तो जिना धडधडवत. पाय पुसले नाहीत. बर्फाचा चिखल थेट माझ्या फरशीवर.

"काय गारठून मरायचं गाव आहे हे! च्यायला, चार मजले आणि लिफ्ट नाही? कॉफी आहे का, बाई? काळी. जिनिव्हापासून घशात काही नाही."

मी बघतच राहिले. तोच कोट, तोच माणूस. पण नाक वाहत होतं, केस विस्कटलेले, आणि आवाजाला खरखर, खाचा, सगळं. तो खुर्चीत बदकन बसला आणि एकदम रडायला लागला. रडता रडता हसला. बाहीला नाक पुसलं.

"तुमचं घड्याळ," मी म्हटलं.

"मसणात घाला ते घड्याळ." त्याने झाकणाकडे पाहिलं, माझ्या गाठींकडे. "हे काय केलंत? आता कशाला?" मग काचेच्या दाराकडे नजर गेली. पलीकडून ऑरेलने त्याला मान लववून नमस्कार केला. बोव्हेने तोंड फिरवलं.

कॉफीचा कप घेताना त्याने डाव्या हातातला मोजा दाताने ओढून काढला. मी आयुष्यभर आरशासारखं सोनं केलंय, पोलादही केलंय. कातडी तशी झालेली कधी पाहिली नव्हती. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढी जागा. केस नाही, भोक नाही, रेघ नाही. त्यात माझ्या खिडकीची सगळी तावदानं दिसत होती. नुसती खिडकी. बाकी रिकामं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. काम चांगलं होतं.

"माझंच मी. आधी पॉलिशपेपरने, मग चामड्याने." त्याने कॉफी एका घोटात संपवली. "ते मागत राहतं, बाई. ओरडत नाही, धमकावत नाही. अदबीने मागतं. शेवटी माणूस देतो. पातळ झाली जागा, की मग घड्याळ घालायचं. ते मनगटातून घड्याळात जातं."

"आणि मग घड्याळ दुसऱ्याला द्यायचं."

त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. "तुमच्या नवऱ्याला त्याची हौस होती ना," म्हणाला.

मी गरम कॉफीचं भांडं उचललं. तो जिन्यात पोहोचेपर्यंत ते रिकामं झालं होतं. खाली जिनेत किंचाळली, तो तिला काहीतरी घाण बोलला, आणि रस्त्यावर जाताना मी त्याला हसताना ऐकलं. माणसासारखं हसत होता.

७

ऑरेल काम करतो. हात पूर्वीसारखाच. भांडी विसळतो, बर्फ लोटतो, जिनेतला दार उघडून देतो. पूर्वी काचेच्या दारावर लाथ मारायचा; आता टकटक करतो. आत येतो, माझ्या बंद चाकासमोर उभा राहतो, मनगट पुढे करतो.

"अजून थोडंसं, युगेत. कृपा होईल."

रोज. दिवसातून कितीदा तरी. मी चाकाची वायर काढून कपाटात ठेवली. मला वाटलं, थकेल. मी हट्टी बाई आहे, माझ्यापुढे भलेभले थकलेत. ते थकत नाही. नाही म्हटलं की 'बरं' म्हणतं आणि दाराबाहेर जाऊन उभं राहतं, काचेला नाक न लावता, थोडं मागे.

फेब्रुवारी असा गेला. मग एका दुपारी माझ्या हातून लीकच्या सूपमध्ये मीठ जास्त पडलं. ऑरेलने पहिला चमचा तोंडात घातला. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण ते ओठ मी चाळीस वर्षं ओळखते. शिवी होती. मला होती, माझ्या आईला होती, आमच्या दोघींच्या स्वयंपाकाला होती. मी चमचा खाली ठेवला. तोवर तोंड परत गुळगुळीत झालं होतं. "उत्तम झालंय," म्हणाला.

म्हणजे तो आहे. आतच आहे.

मी जेवण अर्धं टाकून उठले आणि कपाटातून वायर काढली.

आता तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. म्हणा खुशाल. तुमचा माणूस तुमच्याच टेबलावर तुमच्याकडे पाहुण्यासारखा बघेल तेव्हा या आणि मला शिकवा. मी सगळ्यात मऊ चाक लावलं. मसाला अगदी नखाएवढा. त्याला दुखलं नाही, दुखू देणारी मी नव्हेच. काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं झालंय. त्याच्या मनगटात आता खिडकी दिसते, तावदानांसकट, आणि खिडकीत कुणीतरी दिसतं. मी बसलेली असते. ते उभं असतं.

बोव्हेचं घड्याळ उपयोगाचं नाही, त्याचं झाकण मीच बुजवून ठेवलंय. जिनेतचं मागितलं, तर तिचं प्लास्टिकचं निघालं. सोन्याचं हवं, पातळ, कातडीला नीट टेकणारं.

तुमच्याकडे असेल. बापाचं असेल, लग्नातलं असेल, ओरखडे पडले म्हणून कपाटात टाकून दिलेलं. आणा. ओरखडे कितीही असू देत. या डोंगरात माझ्यासारखं काम कुणी करत नाही. आणि आमच्या घराची रीत तुम्हाला आता ठाऊकच आहे, परत देण्याआधी ऑरेल ते स्वतः घालून बघतो.

घाई नाही. पण लवकर आणलंत तर कृपा होईल.